तारेतला ‘ॲगनी’

रामदासपेठ, नागपूर
८ जानेवारी १९७४

सौ. जयवंतेस मनापासून आशीर्वाद.

आपल्या लेकीने, सिंधूने लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. तार आल्यापासून तू देव पाण्यात ठेवलेस आणि अन्न सोडलंस, हे वाचून मी दवाखान्यातल्या खाटेवर उठून बसलो.

मला बरं आहे. मूतखड्याची कळ दोन दिवस होती, आता थांबली. तार शेजारच्या खाटेवरच्या मनोहररावांनी इंग्रजीत लिहून दिली होती. ते कचेरीत कारकून आहेत. “तार आहे गा, तिच्यात नुसतं पोट दुखते कसं लिहू?” म्हणाले आणि त्यांनी ‘ॲगनी’ हा शब्द घातला. आपल्या गुरुजींनी त्याचा अर्थ मरणयातना असा सांगितला, तो चूक नाही.

मी डॉक्टरांना विचारलं, तर ते हसले. “रुपरावजी, ॲगनीतला माणूस अर्थ नाही विचारत, तो बोंबलते.” मग म्हणाले, हा शब्द मनाच्या दुखण्यालाही वापरतात. तू चार दिवस उपाशी आहेस हे वाचलं, तेव्हा मला तो नीट कळला.

खडा अठरा तारखेला काढणार आहेत. त्यांचं हे रोजचंच काम आहे म्हणतात. सकाळी मी नाम घेतो, मनोहररावही टाळी धरतात. गाय व्याली का? सिंधूचा खोकला कसा आहे?

एवढ्या थंडीत देव कुडकुडत असतील. आजच त्यांना पुसून देव्हाऱ्यात बसव, नैवेद्य दाखव आणि त्याच ताटात तू जेव. जेवलीस की लगेच एक कार्ड टाक. ते उशाशी असलं म्हणजे अठराला मी निर्धास्त आत जाईन.

तुझ्या कार्डाची वाट पाहणारा,
रुपराव