बारा इंची पट्टी

पब्निको, १४ जानेवारी

प्रिय नोएमी,

तुझी आई म्हणते, चौदा महिने झाले, आता तरी पोरीला चार ओळी लिही. चार ओळींत माझं भागणार नाही, म्हणून सकाळीच चहा घेऊन बसलोय. आधी हे सांगतो की नॉर्बर्ट बरा आहे आणि त्याचे दोन्ही पाय जागेवर आहेत.

गेल्या खेपेच्या हंगामाचा दुसरा दिवस तू विसरली नसशील. शेवंडांचे सापळे टाकायला सुरुवात केल्यापासून तीस तास मी पाठ टेकली नव्हती. आपल्या धक्क्यावर त्यालाच मर्दुमकी म्हणतात. तू मात्र दोन तास आत जाऊन झोपलीस, आणि उठल्यापासून मी तुला टोमणे मारत होतो. सापळे बोटीच्या मागून एकामागून एक पाण्यात जात होते, आणि त्यांच्या दोराचा वेढा तुझ्या भावाच्या, नॉर्बर्टच्या बुटाला बसला. नोएमी, मी वळून पाहिलं होतं. वेढा मला स्वच्छ दिसला. हे आजवर कोणाला बोललो नाही. दिसला, कळलं, आणि इंजिनाच्या लिव्हरवरचा माझा हात तसाच राहिला. सुरीने दोर कापलास तू. वर मीच ओरडलो, "सापळ्यांची सगळी माळ तोडलीस! जागायचा दम नाही तर जा हॅलिफॅक्सला, रोग्यांना औषधं पाज!" तू खरंच गेलीस.

तुझी ती लाकडी पट्टी मात्र सुकाणूशेजारी खिळ्याला तशीच लटकत राहिली. एकाने अचानक सोडायची, दुसऱ्याने चिमटीत पकडायची. जितक्या कमी इंचांवर सापडेल तितका गडी ताजा. तू म्हणायचीस, "बाबा, माणूस दमला की डोळे बघतात, पण निरोप हातापर्यंत उशिरा पोचतो." मी म्हणायचो, मी मच्छीमार आहे, शाळकरी नाही. भिंतीवर तुझा आकडा पेन्सिलीने लिहिलेला होता: पाच. तो पुसायला मला वेळ मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

यंदा पहिल्या दिवशी सकाळी नॉर्बर्टने मला गळ घातली. मी पट्टी आठ इंचांवर पकडली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पुन्हा धरली, आणि माझी बोटं मिटली तेव्हा पट्टी पायाशी पडलेली होती. तीनदा तेच. मला तो वेढा आठवला. मी इंजिन बंद केलं, नांगर टाकला आणि म्हणालो, सगळे झोपा. रेडिओवर शेजारच्या बोटीचा थिओफिल खिदळला, "काय रे सिरिल, बोट अंडी उबवतेय काय?" मी म्हटलं, "होय, आणि तू बोंबलू नकोस, पिल्लं घाबरतात." चार तास मेल्यासारखा झोपलो.

उठून कामाला लागल्याला तास झाला नसेल, दोराने पुन्हा नॉर्बर्टचा पाय धरला. विचार करायच्या आत लिव्हर मागे गेला होता. बोट मागे आली, दोर सैल पडला, आणि पठ्ठ्या फळीवर बसून एका मोज्याकडे बघत म्हणतो, "बाबा, बूट गेला!" मी ओरडलो, "बूट जाऊ दे मसणात, पाय मोज!" मग आम्ही दोघं येड्यासारखे हसलो, आणि मी रडलोही. आठवड्याने थिओफिल मान खाली घालून पट्टी कुठे मिळते विचारायला आला. आता सात बोटींवर पट्ट्या लटकतायत, आणि गावच्या दुकानातल्या संपल्या म्हणून मास्तरीणबाई आमच्यावर चिडल्यात.

आता पत्राचं कारण. नाताळात मी नऊ तास झोपलो, आईच्या हातचं बटाट्याचं रापूर दोनदा वाढून घेतलं आणि नॉर्बर्टला पट्टी सोडायला लावली. दहा वेळा. आठच्या खाली एकदाही आलो नाही. झोपेने थकवा जातो, त्रेसष्ट वर्षं जात नाहीत. त्या दिवशी आठ पुरले. पुढच्या वेळी पाच लागतील, आणि पाच फक्त तुझे आहेत. मी चुकलो होतो, पोरी. थंडी ओसरली की ये आणि सुकाणू हातात घे. नॉर्बर्टने तुझ्यासाठी सुकाणूपुढची खुर्ची उंच करून ठेवलीय. तू "झोप" म्हणालीस की मी झोपेन, कुरकुर न करता.

तुझाच,
मागे बसून आमिष भरणारा
बाबा