टाकीपाशी डावीकडे

३ सप्टेंबर, मंगळवार

नाव नोंदवलं! बेचाळीस किलोमीटर आणि सगळे डोंगरातले. डांबर नाहीच. पायवाट, खडी, ओढे, तीन मोठे चढ आणि त्याहून वाईट तीन उतार. आठ तासांच्या आत परत आलं तर पदक. नाहीतर मागून गाडी येते आणि मेंढरं भरतात तसं भरून आणते म्हणे.

लॅबमध्ये मालकांना सांगितलं. ते कुणाच्यातरी कवळीला पॉलिश करत होते. म्हणाले, "सेहेचाळिसाव्या वर्षी? बाई, गुडघ्यांची परवानगी घेतलीत का?" तोंडावर आलं होतं की आधी तुम्ही तुमच्या पोटाची घ्या. गिळलं. दातांच्या धंद्यात तोंड बंद ठेवणाराच टिकतो.

धाकटीला सांगायचं नाही. ही एक गोष्ट फक्त माझी.

८ सप्टेंबर, रविवार

फॉर्म टेबलावर राहिला. गाढव मी!

"ताई, कित्ती भारी! मीपण येऊ?"

ये ना. तू कधी आली नाहीस? शाळेत माझ्या नाटकात आलीस आणि बक्षीस घेऊन गेलीस. आता नवऱ्याशी पटलं नाही म्हणून चार महिन्यांपूर्वी दोन बॅगा घेऊन आलीस ती थेट आईच्या खोलीत. त्या खोलीत आठ वर्षं आईची कूस मी बदलली. भांडं मी दिलं, मीच धुतलं. ही लांबून फोटो पाठवायची, बर्फातले. आणि शेवटी शेवटी आईची ओळख गेली तेव्हा आई माझा हात धरून काय म्हणायची? "आलीस का गं माझी धाकटी?"

मी 'हो' म्हणायचे. मरणाऱ्या माणसाशी वाद घालतात का?

फॉर्म भरला तिने. माझ्याच पेनने.

१५ सप्टेंबर, रविवार

मास्तरांच्या गटात पहिला दिवस. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त खेळाचे मास्तर, अडुसष्ट वर्षांचे, गळ्यात अजून शिट्टी. सराव गावाबाहेरच्या टेकडीवर. तिथे मी वर्षभर एकटी पळतेय. धाकटी आज पहिल्यांदा आली आणि तिसऱ्या वळणावर मला मागे टाकून गेली. गुणगुणत!

मास्तर तिला म्हणाले, "याला म्हणतात पाय!" मग माझं तोंड बघून म्हणाले, "तुमची चिकाटी चांगली आहे हं."

चिकाटी. मुलगी दिसायला बरी नसली की 'स्वभाव चांगला आहे' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

२१ सप्टेंबर, शनिवार

बूट घेतले. दुकानदार जाणता निघाला. म्हणाला, "डोंगरासाठी ना? मग एक नंबर मोठा घ्या. उतारावर बोटं पुढे जाऊन आदळतात. घट्ट बुटात नखं काळी पडतात, मग गळतात. लोक ऐकत नाहीत आणि मग लंगडत येतात."

मी ऐकलं. एक नंबर मोठा घेतला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

धाकटीने विचारलं, "कुठल्या मापाचे घेऊ गं?"

मी भांडी घासत होते. मागे वळलेही नाही. म्हटलं, "अगदी घट्ट घे. पाय आत हलला की फोड येतात."

"तू म्हणशील तसं बाई, मला काय कळतं!"

संध्याकाळी घेऊन आली. घट्ट. घालायलाच दोन मिनिटं लागली. मी विचारलं, "दुकानदार काही म्हणाला का?" तर म्हणते, "तो काय म्हणणार? खोक्यात घालून दिले."

मुद्दाम केलं मी. जगाशी खोटं बोलावं लागतं, वहीशी कशाला?

६ ऑक्टोबर, रविवार

अठरा किलोमीटर. शेवटचे पाच निव्वळ उतार.

घरी आल्यावर धाकटी स्टुलावर बसली, मोजे काढले. दोन्ही अंगठे जांभळे. "ताई, बघ ना, वांग्यासारखे झालेत!" आणि हसायला लागली. मी बादलीत गरम पाणी आणलं, मीठ टाकलं, तिचे पाय स्वतःच्या हातांनी आत ठेवले. चटका बसला तशी 'आई गं' म्हणाली.

मला वाटलं होतं, आपल्याला वाईट वाटेल. वाट बघितली थोडी. नाही वाटलं.

आणि तरीही ती माझ्या अकरा मिनिटं आधी खाली पोचली होती.

७ ऑक्टोबर, सोमवार

अकरा मिनिटं!

१६ ऑक्टोबर, बुधवार

आज नऊ जबडे. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, मी त्यात प्लास्टर ओतते, ते घट्ट झालं की माणसाचं तोंड माझ्या टेबलावर. माणूस कसाही असो, त्याचं तोंड खोटं बोलत नाही. कोण रागाने दात खातो, कोण एकाच बाजूने चावतो, कोण बायकोला सांगतो सिगारेट सोडली — सगळं कळतं.

धाकटीचे दात बघितले की आमच्या धंद्याची काळजी वाटते. एकही किडलेला नाही. लहानपणी गोळ्या तिने जास्त खाल्ल्या, सिमेंट माझ्या दातांत. देवाच्या घरी न्याय आहे म्हणतात. असेल, त्याच्या घरी.

२७ ऑक्टोबर, रविवार

डाव्या अंगठ्याचं नख गळलं तिचं. काडेपेटीत घालून सगळ्या गटाला दाखवत फिरली. मास्तर ओरडले, "हे बूट फेक आधी!" तर म्हणते, "ताईने सांगितलेत तसे घेतलेत. ताईचं चुकत नाही."

असं म्हणताना माझ्याकडे बघत होती. वाटलं, खरं काय ते सांगून टाकावं. क्षणभरच.

मग चढाला लागलो आणि ती परत पुढे गेली, नऊ नखांवर. सांगायचं राहिलं.

१० नोव्हेंबर, रविवार

मास्तरांनी शर्यतीची वाट दाखवायला नेलं, शेवटचे पंधरा किलोमीटर. धाकटी नाही आली. पाय सुजलेत. (कोणामुळे ते लिहायला नको.)

एकतिसाव्या किलोमीटरला पाण्याची जुनी, फुटकी टाकी आहे. तिथे वाट फुटते. डावीकडची बारीक, झुडपातून वर डोंगराच्या धारेवर जाते, ती आपली. उजवीकडची रुंद, मोहात पाडणारी, उतरत उतरत बंद पडलेल्या दगडखाणीत जाते. तिथे कडा नुसता भुसभुशीत, पाय ठेवला की सुटतो. मास्तर शिट्टी वाजवून म्हणाले, "रिबिनी बांधतात, पण गुरं खातात त्या. रिबीन दिसो न दिसो, टाकीपाशी डावीकडे! पाठ करा सगळ्यांनी." आणि आम्ही पन्नाशीकडे झुकलेली मुलं पाठ म्हणालो, टाकीपाशी डावीकडे.

घरी आल्यावर तिने विचारलं, "काही विशेष आहे का गं वाटेत?"

"काही नाही. रिबिनी असतात. डोळे मिटून पळ."

२० नोव्हेंबर, बुधवार

शेवटचे कागद भरले. त्यात एक रकाना, अडचण आल्यास कोणाला कळवायचं? मी मास्तरांचा नंबर लिहिला.

तिने माझा लिहिला. नात्यापुढे नुसतं 'बहीण' पुरलं असतं. तिने लिहिलं 'ताई'.

३० नोव्हेंबर, शनिवार

केळी, उकडलेले बटाटे, मीठ, पट्ट्या. उद्या मी तिला हरवणार. पदक बिदक नंतर. एकदा, आयुष्यात एकदा, तिने माझी पाठ बघावी!

१ डिसेंबर, रविवार

लिहिते. जसं झालं तसं.

पहाटे सहाला सुटलो. पहिल्या चढावरच ती पुढे गेली. दुसऱ्या चढावर दिसेनाशी झाली. म्हटलं, संपलं. मग दुसऱ्या उतारानंतर परत दिसायला लागली. लंगडत होती. बूट! अंतर कमी व्हायला लागलं. तीनशे पावलं, दोनशे. टाकीपाशी आलो तेव्हा आमच्यात शंभर पावलं असतील. पुढेमागे दुसरं कोणी नाही.

रिबीन नव्हती. गुरांनी खाल्ली असेल.

ती टाकीपाशी थांबली. कमरेवर हात ठेवले, दोन्ही वाटा बघितल्या. मग वळून माझ्याकडे बघितलं.

मी खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी सुटली नव्हती. सोडली आणि बांधली. मान वर केली तेव्हा ती उजवीकडे वळली होती. पळत नव्हती, चालत होती, अगदी सावकाश. दमली असेल.

एक हाक पुरली असती. तोंड उघडलंसुद्धा मी. मग मिटलं. दातांच्या धंद्यात...

डावीकडे गेले.

सात तास चव्वेचाळीस मिनिटं. पदक गळ्यात घातलं, टाळ्या वाजल्या. मी आधी पोचले, मी! पाणी प्यायले, केळं खाल्लं, पाय ताणले. अर्धा तास बसून टाळ्या ऐकल्या. मग सामानाच्या तंबूतून पिशवी घेतली आणि फोन चालू केला.

चौदा वेळा फोन येऊन गेला होता. सगळे एकाच नंबरवरून. पंधराव्यांदा वाजला तेव्हा उचलला. शर्यतीचा कोणी कार्यकर्ता होता. आवाज चढलेला. "ताई बोलताय का? अहो, कधीपासून लावतोय! तुमची बहीण खाणीत पडली."

२ डिसेंबर, सोमवार

जिवंत आहे. हे आधीच लिहायला हवं होतं.

उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला. आत पट्टी आणि सात स्क्रू. डॉक्टर म्हणाले, चालेल. पळण्याचं विचारू नका. वरचे समोरचे दोन दात मुळापासून गेले. तोंड सुजलंय, बोलत नाही.

मी उशाशी बसले. पदक खिशात होतं. का आणलं होतं ते माहीत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

मास्तर आले. खाटेपाशी बराच वेळ शिट्टीशी चाळा करत बसले. मग मला म्हणाले, "तुम्ही हिच्या मागेच होतात ना? टाकीपाशी दिसली नाही?"

"नाही."

धाकटीने माझ्याकडे बघितलं. तोंडावर हात होता, त्यामुळे नुसते डोळे. मास्तर गेल्यावर कागदावर लिहून दाखवलं: दात बसेपर्यंत बोलणार नाही. बोबडं येतं.

म्हणजे तिला बोलायचंय काहीतरी. की चोराच्या मनात चांदणं?

१२ डिसेंबर, गुरुवार

तिच्या तोंडाचा साचा लॅबमध्ये आला. माझ्याच टेबलावर. मालक म्हणाले, "घरचं काम आहे, निवांत करा." बरे आहेत मालक. पोट काय, कुणाचंही सुटतं.

प्लास्टर ओतलं. घट्ट झालं. सोडवलं. सगळे दात ओळीत, चकचकीत, आणि मधे दोन दातांची जागा रिकामी. बोट घालून बघितलं.

कागदाच्या जाडीएवढा दात उंच ठेवला की रोज प्रत्येक घासाला ठणकतो. आयुष्यभर. कोणाला कळतही नाही का ते. मला येतं तसं करता.

१६ डिसेंबर, सोमवार

चार दिवस काम अडवून ठेवलं. आज रंग जुळत नाही, उद्या मेण नाही. ज्या दिवशी हे दात तयार होतील त्या दिवशी ती बोलेल.

घरी मी तिला अंघोळ घालते, भांडं देते. परत तीच खोली, तीच खाट. ती माझ्या गळ्यात हात टाकून उठते. एक शब्द नाही. आई तरी बोलायची. चुकीच्या नावाने का होईना.

मी सांगून टाकू का? रोज ठरवते. रोज चहा करते आणि देते.

२० डिसेंबर, शुक्रवार

केले. उंच नाही ठेवले. तेवीस वर्षांत इतकं सुरेख काम माझ्या हातून झालेलं नाही. शेजारच्या दातावरची बारीक रेघसुद्धा उतरवली. मालकांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "याला म्हणतात हात!"

लॅबच्या मोरीत जाऊन रडले.

२३ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यात दात बसवले. घरी आल्यावर तिने आरसा मागितला, बघितलं, हसली. मग तीन आठवड्यांनी पहिल्यांदा बोलली, स्वच्छ.

"दुकानदाराने सांगितलं होतं गं, एक नंबर मोठा घ्या. आणि तुम्ही वाट बघून आलात त्या दिवशीच मास्तरांनी फोन करून सांगितलं होतं, टाकीपाशी डावीकडे. मला सगळं माहीत होतं, ताई. उजवीकडे वळले आणि पावलं मोजत गेले. म्हटलं, दहाव्याला हाक मारेल. मग म्हटलं, विसाव्याला. साठपर्यंत मोजली."

मी आरसा धरून उभी होते.

"दात मात्र छान केलेस," म्हणाली. "कुठेच टोचत नाहीत."