जड पाणी

बेळगाव,
फेब्रुवारी १९३८

प्रिय बाळाक्का,

नागोजीमामा शनिवारी बाजाराला आले होते, त्यांनी तुझं पत्र दिलं. तुला राग आलाय हे पहिल्याच ओळीत कळलं. उत्तर लगेच लिहायचं होतं, पण कागद घेऊन बसलं की काहीतरी काम आठवायचं आणि मी उठायची. आज बाळ निजलंय, बेबी शेजारी खेळायला गेलीय, हे कचेरीत आहेत. आज उठणार नाही.

बाळ बरं आहे. अंगावरचं पुरळ गेलं, कातडी पुन्हा मऊ झाली. हे सगळं आईच्या हातचं. पण ते सांगायचं तर आधी आमच्या नळाचं सांगायला हवं. माझं लग्न ठरलं तेव्हा आप्पांनी गावभर सांगितलं होतं, आमची राजी शहरात चालली, तिच्या गल्लीत नळ येणार आहेत, तिच्या डोक्यावर घागर चढायची नाही. नळ खरंच आला, परसदारी, तोटी फिरवली की धो धो पाणी. मीही गावाला आले की तेच मिरवायची. खरं कधी सांगितलं नाही. आक्का, ते पाणी दिसायला आरशासारखं, पण फार जड. तुरीची डाळ दोन दोन तास चुलीवर ठेवावी, तर पाणी वर आणि दाणा खाली, बोटानं चेपावा तर आत टणक. साबण घासून घासून संपतो पण फेस नाही, नुसता चिकट साका. यांची पांढरी धोतरं पिवळी पडली. शिकेकाईनं न्हायलं तरी केस दोरखंडासारखे. बंबाच्या आत भिंतीला चुना फासावा तसा पांढरा थर धरतो. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, खेड्यातल्या पोरीला शहरातला स्वयंपाक जमत नाही. मला ते खरंच वाटायचं. गल्लीतल्या बायकांच्या डाळीही शिजत नव्हत्या, पण कोण कुणाला सांगतंय?

पहिलं बाळंतपण माहेरी झालं. या खेपेला सासूबाई नाहीत, यांचं जेवणखाण कोण बघणार, म्हणून आईच इकडे आली. आली त्याच दिवशी तिनं आमटी चाखली आणि नळाचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायली. म्हणाली, "राजे, तुझ्या हाताला काय बी झालेलं न्हाय. पाणी जड हाय." एवढ्या वर्षांत माझ्या बाजूनं कुणी इतकं बोललं नव्हतं. मी चुलीपुढं बसून रडले.

मग बाळ झालं, आणि त्याला त्याच नळाच्या पाण्यानं अंघोळ. लंगोट्या वाळल्या की पापडासारख्या ताठ व्हायच्या. मांड्यांना, मानेला लाल चट्टे उठले, कातडीचे पापुद्रे निघायला लागले. पोर रात्रंदिवस किंचाळायचं. डॉक्टरांनी मलम दिलं, गुण नाही. आईनं कुणाला न विचारता घागर उचलली. गल्लीपलीकडं मळा आहे, तिथल्या विहिरीचं पाणी हलकं निघालं. मग रोज पहाटे आणि दुपारी ती तिथनं पाणी आणायची, एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. त्या पाण्यात बाळाला न्हाऊ घालायची, लंगोट्या धुवायची, डाळ शिजवायची. यांनी एकदा म्हटलं, आई, मी माणूस लावतो. तर म्हणाली, "माझ्या नातवाचं पाणी हाय जावईबापू, त्येला माणूस कशाला?" आठ-दहा दिवसांत बाळाचे चट्टे उतरले.

इथपर्यंत तुला आईनं सांगितलं असेल. पुढचं तिनं सांगितलेलं नाही, हे तुझ्या पत्रावरून कळलं.

आमच्या समोर एक वकील राहतात. त्यांची बायको गल्लीतली मोठी. तिच्याकडच्या हळदीकुंकवाला बोलावणं आलं की माणूस प्रतिष्ठित, अशी रीत. मला दोन वर्षांनी बोलावणं आलं. तिथं मी जपून बोलायची, गावाकडचा शब्द तोंडातून जाऊ नये म्हणून. माहेरचं विचारलं तर उचगावला आमची शेतीवाडी आहे एवढंच सांगायची, जणू कुणी दुसरेच राबतात. तर त्या दुपारी वकिलीणबाई आणखी दोघींना घेऊन बाळ बघायला आल्या. मी बाजेवर, बाळ मांडीत. तेवढ्यात मागच्या दारानं आई आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलानं भरलेले, डोक्यावर चुंबळ, घागरीतलं पाणी कपाळावर ओघळत होतं. वकिलीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाल्या, "पाणी भरायला बाई ठेवलीत वाटतं? बरी मिळाली. आमच्याकडं दोन घागरी टाकील का, विचारा की. आमचीही डाळ शिजत नाही."

आक्का, "ती माझी आई आहे." एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "हो, विचारते."

आई उंबऱ्यावरच थांबली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही गं. लहानपणी मी अंधाराला भ्यायची तेव्हा बघायची तसं. मग घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "व्हय बाईसाब, टाकीन की. घर कुटलं?" आणि ती गेली. पुन्हा विहिरीवर गेली, पुन्हा आली, आणि समोरच्या घरात माझ्या आईनं दोन घागरी पाणी भरलं. मी खिडकीतून बघत होते. उठले नाही. संध्याकाळी तिनं बाळाला तेल लावलं, मला भरवलं, आणि मी भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी नागोजीमामांची गाडी गावाला परतत होती. मिरची तोडायला आलीय म्हणून ती निघाली. सव्वा महिना राहणार होती.

मी यांना सांगितलं. हे दुसऱ्या दिवसापासून कचेरीला जायच्या आधी सगळ्या गल्लीदेखत स्वतः त्या विहिरीवरनं पाणी आणतात. घराबाहेर पडायला लागले तशी मीही वकिलीणबाईंकडं गेले आणि पाणी भरलं ती माझी आई, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, मग तेव्हाच नाही का सांगायचं?" त्यांचं काय चुकलं? परवाच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं नव्हतं. त्याचं दुःख होईल असं वाटलं होतं, ते झालं नाही.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंस, एवढं बाळंतपण काढलं तिनं, आणि आईला निरोप देताना तू वापरलेलं जांभळं लुगडं दिलंस, राजे, तुला लाज कशी वाटली नाही? आई तेच नेसून शेतात जाते आणि राजीनं दिलंय म्हणून ज्याला त्याला दाखवते, असंही लिहिलंस. आक्का, ते लुगडं माझं नाही. ते वकिलीणबाईंनी त्या दुपारी पाणी भरल्याबद्दल तिला दिलं, मी खिडकीतून बघितलं. नको म्हटलं असतं तर पाणी भरणारी बाई नाही हे त्यांना कळलं असतं, म्हणून तिनं ते पदर पसरून घेतलं. आणि तुमच्यापुढं माझं नाव राहावं म्हणून ती ते माझं म्हणून नेसते. बारशाला येणार नाही, गुडघे दुखतात, असा तिनं निरोप पाठवलाय. म्हणून बारसं उचगावातच करायचं ठरवलंय. पुढच्या सोमवारी आम्ही येतोय. आल्यावर सगळ्यांसमोर मी तिच्या पाया पडणार आहे आणि कशासाठी ते सांगणार आहे. तू फक्त एवढं कर, आम्ही येतोय हे तिला सांग, पण मी काय बोलणार आहे ते सांगू नकोस. आधी कळलं तर ती मला बोलूच द्यायची नाही. बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतंय, असं म्हणून माझ्या तोंडावर हात ठेवेल.

तुझीच,
राजी