चार प्रश्नचिन्हं आणि एक स्वल्पविराम

अकोला,
बुधवार, दुपार

प्रिय आचल,

कोड लिहायचा एडिटर घेतला बाई एकदाचा. कोणता घेऊ म्हणून मी पोळ्याच्या आधी तुला फोन केला होता, तेव्हा तू हसली होतीस. ‘काकू, फुलांचे चार भाव तं बदलायचे असतात तुमाले. कशातबी लिहा, काय फरक पडते?’ फरक पडतो. पत्रानं सांगते, कारण फोन तू आता उचलत नाहीस, आणि मोबाइलवर पाठवलेलं तू वाचलंस एवढं निळ्या खुणांवरून कळतं, त्यापुढे काही कळत नाही.

तुझ्या काकांचं फूलबाजाराच्या भावाचं पान मी अजून चालवते. सकाळी बोली लागून हर्रास संपला की नत्थुजी अडत्यांचा फोन येतो. ते झेंडू, शेवंती, निशिगंधाचे भाव सांगतात, मी फाइल उघडून आकडे बदलते आणि पान वर चढवते. पातूर, बार्शीटाकळीकडचे फूलवाले ते बघून उद्या तोडायचं की थांबायचं ते ठरवतात. काका गेले तेव्हा सगळे म्हणाले, बंद करून टाका. तुझी आई तर तेराव्याच्या पंगतीत वाढता वाढता म्हणाली, ‘जाऊ द्या ना बाई, तुमाले काय जमते ते?’ मी दहावी नापास, खरं आहे. पण माहेरी फुलांच्या पुड्या बांधायला रद्दी यायची, ती मी आधी वाचायची आणि मग पुडी बांधायची. कोडही तसंच शिकले. वहीत उतरवून, पुन्हा पुन्हा वाचून. आणि शिकवणारा माणूस त्या फाइलींमध्येच होता.

हे तुला माहीत नसावं. डायलिसिसच्या त्या वर्षात काकांनी फाइलींमध्ये जागोजागी माझ्यासाठी ओळी लिहून ठेवल्या होत्या. तुम्ही त्याला कमेंट म्हणता. यंत्र ती ओळ ओलांडून पुढे जातं, ती माणसासाठी असते. कुठे लिहिलेलं, ‘शकुन, या कंसाले हात लावू नोको, सारं पान कोसळते.’ कुठे, ‘शकुन, आकड्यामागचा स्वल्पविराम इसरू नोको. तू किराण्याच्या यादीतबी इसरतेस.’ एकदा मी शोधायच्या चौकोनात माझं नाव टाकलं, तर ते एकतीस ठिकाणी सापडलं. अख्ख्या संसारात त्या माणसानं मला नावानं हाक मारली नाही. ‘अवं, ऐकलं का’ यावरच भागवलं. आणि इथे एकतीस वेळा.

त्यातल्या सतरा ओळी मी वाचल्या होत्या. चौदा नव्हत्या वाचल्या, मुद्दाम. खरंच कुठे अडलं तरच पुढची उघडायची असं ठरवलं होतं. न वाचलेलं काही शिल्लक होतं तोवर त्यांचं माझ्याशी बोलणं संपलेलं नव्हतं.

मग त्यांचं जुनं मशीन बसलं. डिस्कच गेली. दुरुस्तीवाल्या योगेशनं वापरलेला एक लॅपटॉप दिला, सर्व्हरवरच्या फाइली त्यात उतरवून दिल्या आणि कुठलासा फुकटचा एडिटर टाकला. त्याचं नाव लिहीत नाही, चूक माझी आहे. आपला फोन नंबर बदलला होता, म्हणून मी साऱ्या फाइली एकदम उघडल्या, नंबर बदलला आणि ‘सेव्ह ऑल’ दाबलं. इंग्रजीत एक चौकट आली. तुमची काही अक्षरं जातील, चालेल का, असं ती विचारत होती, हे आता समजतं. तेव्हा मी ‘यस’ दाबलं. आपल्याला हो म्हणायचीच सवय. मग त्याच फाइली वर चढवल्या, म्हणजे तिकडचीही प्रत गेली. अर्ध्या तासात नत्थुजींचा फोन आला. ‘शकुनबाई, आज प्रश्नचिन्ह काय भाव हाय वो? आन् त्याच्या खालचं प्रश्नचिन्ह वीस रुपयानं महाग कावून?’

मराठीतलं एकेक अक्षर प्रश्नचिन्ह झालं होतं. फुलांची नावं मी तासाभरात पुन्हा लिहिली. त्या ओळी कुठून लिहिणार? म्हणून तर त्या दिवशी तुला फोन केला. कोणता एडिटर घेऊ हे निमित्त होतं, खरं विचारायचं होतं ते अक्षरं परत येतात का. तू म्हणालीस, ‘नाही येत. पण काकू, त्या नुसत्या कमेंटच होत्या ना? मशीन तं वाचतच नाही त्या.’ मी बरं म्हणून फोन ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस मी ती प्रश्नचिन्हं वाचत बसायची. त्यात एक गोष्ट सापडली. ‘शकुन’ला तीन नाही, चार प्रश्नचिन्हं लागतात. उकाराचं वेगळं पडतं. मोकळ्या जागा आणि स्वल्पविराम तसेच राहतात. म्हणजे जिथे चार प्रश्नचिन्हं आणि एक स्वल्पविराम, तिथे मी. माझं नाव तेवढं ओळखता यायचं. पुढे तीन, मग पाच, मग दोन, त्यात कोणते शब्द बसतात ते वहीत लावून बघायची. काही ठिकाणी चार-चार वाक्यं बसली. सगळी मला हवी होती तशी, म्हणून एकावरही विश्वास ठेवला नाही.

मग एडिटर निवडायला योगेशच्या दुकानात गेले. त्यानं पाच दाखवले. एक लवकर उघडतो, एकाचा पडदा काळा, डोळ्याला बरा. एक तर असा की मी अर्धा शब्द लिहिला की उरलेला तोच भरतो. योगेशला त्याचं फार कौतुक. मी म्हटलं, ‘राहू दे बापा, आमच्या घरात माझं वाक्य पुरं करणारे लय झाले.’ मला दोनच गोष्टी पाहायच्या होत्या. फाइल कोणत्या अक्षरपद्धतीत आहे ते कोपऱ्यात सतत दिसलं पाहिजे, आणि कमेंटचा रंग बदलता आला पाहिजे. आचल, पाचही एडिटरांत बाकी कोड रंगीबेरंगी आणि कमेंट तेवढी फिकट राखाडी. नजरेआड करायची वस्तू असल्यासारखी. मी घेतला त्यात ती आता ठळक दिसते. योगेश म्हणाला, ‘काकू, आता तं त्यात प्रश्नचिन्हंच हायत.’ मी म्हटलं, असू दे.

आता तुझं सांगते. दसऱ्यानंतर नत्थुजी म्हणाले की मोर्शीच्या संत्रावाल्यांचं भावाचं पान हुबेहूब आपल्यासारखं आहे. मी उघडलं. तीच चौकट, तेच हिरवे-तांबडे बाण, झेंडूच्या जागी संत्रा. आपल्या पानाच्या तळाला काकांचं ‘रचना : वामन राखोंडे, अकोला’ असायचं, तिथे ‘आचल राखोंडे, अमरावती’. आडनाव एकच असल्यानं तुझे कष्ट वाचले. तेव्हा मला तेरावा आठवला. बाहेर पंगत उठत होती आणि तू आतल्या खोलीत काकांच्या मशीनपाशी बसली होतीस, ‘काही महत्त्वाचे कागद असतील तं बघते’ म्हणून. पेन ड्राइव्हचा निळा दिवा लुकलुकत होता. मी तुला तिथेच चहा आणून दिला, कमी साखरेचा, तू चार वर्षं कॉलेजला आमच्याकडे राहिलीस तेव्हा घ्यायचीस तसा. तू कप घेतलास, वर पाहिलं नाहीस. मला वाटलं, रडतेय पोरगी.

मागितलं असतंस तर दिलं नसतं का? आम्हाला मूलबाळ नाही. तू सोडून कोणाला द्यायचं होतं?

मी त्या पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, उघडला. भांडायला पुरावा पाहिजे म्हणून उघडला, खोटं कशाला बोलू. एका चौकटीच्या वर मराठी दिसलं. धड, शाबूत मराठी. तू नाव बदललंस, रंग बदलले, पण मधल्या ओळी पुसल्या नाहीस. यंत्र वाचत नाही म्हणून तूही वाचल्या नाहीस. ती मी न वाचलेल्या चौदांपैकी एक होती. जशीच्या तशी इथे उतरवते :

‘शकुन, हा तुकडा मलेबी नीट समजत नाही. हा आचलनं लिहिला हाय. अडलं तं तिले फोन कर. ते तुले नाही म्हणणार नाही.’

म्हणजे तो तुकडा तुझाच होता, तेवढं कबूल. आणि अडल्यावर फोन मी केला होता. काका काय म्हणून गेलेत हे ठाऊक नसताना केला होता.

तुझ्या पानावर सध्या पाटी आहे, ‘लवकरच नव्या रूपात’. नवं चढवलंस की जुनं जाईल, आणि आताची अवजारं कमेंट आपणच काढून टाकतात, हे योगेशनं सांगितलं. बाहेरून दिसत होतं ते मी उतरवून घेतलं, पण ती एकच ओळ. बाकीच्या आतल्या फाइलींमध्ये आहेत, त्या बाहेरच्याला दिसत नाहीत. त्या तेराव्याच्या पेन ड्राइव्हवर असतील, नाहीतर तुझ्या सर्व्हरवर. आणखी कुठेच नाहीत. तू चोरलंस म्हणून त्या वाचल्या, आणि हे मला कोणाला सांगताही येत नाही. मोर्शीचं पान तुझंच राहू दे. तळाचं नावही राहू दे, मी तुझ्या बाबांपाशी काही बोलणार नाही. मला फक्त त्या जुन्या फाइली पाठव, नवं चढवायच्या आधी, जशा नेल्या होत्यास तशा. पाठवण्याआधी उघडून पाहाव्याशा वाटल्या तर पाहा. वाचल्यास तरी चालेल, त्यात तुझं नाव आणखीही कुठे असेल. पण सेव्ह करू नकोस. इंग्रजीत चौकट आली तर ‘नो’ दाब. तेवढं एक ‘नाही’ तू म्हटलेलं मला चालेल.

तुझीच,
शकुनकाकू