समाजाचा होकार

३ जून १९७३, रविवार

मुंबईला एम.ई.ला जागा मिळाली! विषय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी. अव्वाला समजावं म्हणून सांगितलं — शहराचं पिण्याचं पाणी, सांडपाणी, मैला, त्यांची व्यवस्था. तिने लाटणं खाली ठेवलं.

"म्हंजे गटारं! सांगलीत राहून इंजिनेर झालीस, आन् आता गटारं शिकायला ममईला जाणार?"

"सांडपाणी म्हण."

"सांडपाणी म्हटलं म्हणून वास जातो व्हय?"

मुद्दा बरोबर आहे.

खरं कारण इथेच लिहिते, मोठ्याने म्हटलं की भाषण वाटतं. मला लोकांच्या उपयोगी पडायचं आहे. वर्गातल्या सगळ्यांना पूल बांधायचेत. पुलाची फीत कापता येते, गटाराची कोण कापणार? बी.ई.ला या विषयाचा एकच पेपर होता. तेवढ्यावर कुणाच्या घरातलं पाणी हातात घ्यायला मी धजणार नाही.

अप्पा दुकानातून आले. अंगाला शेंगतेलाचा वास. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "समाज हो म्हणाला, तर मी न्हाय म्हणणार न्हाय."

समाज म्हणजे आमच्या समाजाची कमिटी. अध्यक्ष बसवराजकाका, गुळाचे अडते. माझ्यासाठी निपाणीचं स्थळ त्यांनीच आणलंय. म्हणजे नकार द्यायचाय, पण दुसऱ्याच्या तोंडून. अप्पांचं नेहमीचंच. दोन जुलैपर्यंत हजर झाले नाही, तर जागा जाणार आणि मी निपाणीला.

६ जून

कमिटीपुढे गेले. पांढऱ्या टोप्या, चहा, बशीत चिवडा. काकांनी विचारलं, "एवढं शिकून करणार काय?"

"समाजाची सेवा."

टाळ्या! काकांचे डोळे पाणावले. "बघा, आपल्या समाजाची पोरगी! आपलं मंगल कार्यालय हाय, बोर्डिंग हाय, सगळ्याला आता घरचाच इंजिनेर." होकार एकमताने.

मी म्हटलं समाज, त्यांनी ऐकला आपला समाज. शब्द एकच. व्याख्या मला कुणी विचारली नाही. चिवडा चांगला होता.

८ जून

अव्वा दोन्हीकडून रडते. जाणार म्हणून, आणि गटारं म्हणून.

१० जून, रविवार

सेवा लगेच सुरू! नव्या मंगल कार्यालयाच्या सांडपाण्याचा नकाशा मी काढायचा. काकांचं तसं सगळं ठरलेलंच होतं — मागच्या कोपऱ्यात कच्चा खड्डा काढलाय. पंगतीचं, न्हाणीचं, संडासाचं, सगळं त्यात सोडायचं.

सांगलीच्या सरांकडून उतार मोजायची लेव्हल मागून आणली. मापाची पट्टी धरायला मदिना आली. ती आणि मी शाळेपासून एका बाकावर. तिचं घर कार्यालयाच्या मागच्या उताराच्या गल्लीत, आणि गल्लीची विहीर त्या खड्ड्याच्या थेट खाली. नळ सकाळी घटकाभर येतो, बाकी दिवस अख्खी गल्ली ती विहीर पिते.

तिपाईवरची लेव्हल बघून पोरं गोळा झाली. त्यांच्यामागे धोंडुबाई, पदर खोचून. ही गल्लीत कोथिंबीर विकते आणि बातम्या फुकट देते.

"काय बघतीस गं दुर्बिणीतनं?"

"उतार."

"उतार बघायला दुर्बीण कशाला? लिंबू सोड, गडगडतंय की!"

हसू आवरलं. माप चुकलं, परत घ्यावं लागलं.

११ जून

काकांना सांगितलं, खड्ड्याखाली मुरूम आहे, पाणी झिरपून विहिरीत जाईल. पक्की टाकी बांधा, तीही पुढच्या बाजूला.

"पुढं पाटी यायची हाय."

देणगीदारांची संगमरवरी पाटी. पहिलं नाव त्यांचं.

"आन् माती पाणी गाळती. आमच्या आज्ज्यापास्नं गाळती."

"मैला गाळत नाही, काका."

"तू समाजाची सेवा करणार म्हणालीस न्हवं?"

"हो."

"मग समाजाचं बघ की!"

"तेच बघतेय."

शब्दाला फट आहे, हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं असावं. मग मऊ आवाजात म्हणाले, "खड्डा हाय तिथंच नकाशात दाखव. आन् खुशाल ममईला जा."

नकाशा अजून काढलेला नाही. पेन्सिलीला टोक मात्र चारदा केलं.

१२ जून

खड्डा दाखवला तर मुंबई. नाही दाखवला तर निपाणी. गणित सोपं आहे, म्हणूनच चिडचिड होते. खड्डा दाखवून मी तिथे जाऊन शिकणार काय? खड्डे दाखवू नयेत, हेच ना!

संध्याकाळी कॉलेजातून आणलेली फ्लुओरेसीनची पुडी काढली. पाणी कुठून कुठे मुरतं ते बघायची ही पूड. चिमूटभराने पाणी हिरवंगार होतं, अपाय काही नाही. कोरड्या खड्ड्यात ओतली आणि कार्यालयाच्या छतावरच्या टाकीच्या नळाला रबरी पाइप लावून चांगलं पाणी सोडलं. फक्त मदिनाला सांगितलं. तिने घरातले हंडे आधीच भरून ठेवले आणि तोंड बंद ठेवलं. दुसरं तिला जास्त अवघड गेलं.

१३ जून

विहीर हिरवी!

धोंडुबाईची आरोळी आमच्या दुकानापर्यंत आली — "आगं बया, हिरीला हिरवं लुगडं कुणी नेसवलं!" गल्लीतल्या शालूबाईंनी हळदकुंकू आणलं. कुणी म्हणालं, पीरसाहेबांची करामत. अल्लाउद्दीनचाचा म्हणजे मदिनाचे वडील, पीराच्या दर्ग्याचं सगळं तेच बघतात. ते खेकसले, "पीराला दुसरा धंदा न्हाय व्हय? वरनं कायतरी आलंय!"

तेव्हा मी पुढे झाले आणि कुठून आलंय ते सांगितलं. आज रंग आलाय, पंगती सुरू झाल्यावर काय येईल, तेही सांगितलं. रंग पोटात गेला तरी काही होत नाही म्हटलं, तर कुणाचा विश्वास बसेना. शेवटी पेलाभर पाणी काढून सगळ्यांसमोर प्यायले.

"जीभ दाव," धोंडुबाई म्हणाली. दाखवली. हिरवी नव्हती. थोडी निराश झाली बिचारी.

मग सगळी गल्ली रिकाम्या घागरी घेऊन कार्यालयात. आम्हाला तुमच्या नळाचं पाणी द्या, नाहीतर खड्डा बुजवा! दुपारी खड्डा बुजला. पक्की टाकी पुढे बांधायचं काकांनी चारचौघांत कबूल केलं. पाटी कुठे लावायची, यावर बैठक आहे म्हणे.

१४ जून

काका दुकानात आले. गिऱ्हाइकांसमोरच, "शिवानंदअप्पा, पोरीनं समाजाचं नाक कापलं! समाजाचा होकार माघारी. निपाणीकरांना रविवारी बोलावतो."

अप्पा तेल मापत होते. मान वर केली नाही. "बरं," म्हणाले.

बरं! एवढंच!

मी आतल्या खोलीत होते. जेवले नाही. हे इथे लिहायलाही नको वाटतं.

१५ जून

अप्पा आज दोनदा दुकान सोडून कुठेतरी गेले. निपाणीच्या तयारीला असणार.

१७ जून, रविवार

निपाणीकर ओसरीवर. मुलगा, त्याचे वडील, मधोमध काका. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येते, तर दारात धोंडुबाई! मागे शालूबाई, अल्लाउद्दीनचाचा, मदिना, आणि बाहेर उन्हात उरलेली गल्ली.

"या पावणं, बसा," धोंडुबाईने निपाणीकरांनाच सांगितलं. ते बसलेलेच होते. मग अप्पांकडे वळून — "समाजानं हो म्हणायचं हाय, आसं कळलं. आमी हो म्हणायला आलोय."

काका उसळले. "तुमी कुठला समाज?"

"हिरीवरचा!"

चाचा शांतपणे म्हणाले, "एका हिरीचं पाणी पितोय सगळी. ह्याला समाज न्हाय म्हणायचं, तर काय म्हणायचं, काका? तुमीच सांगा."

निपाणीच्या मुलाने मला हळूच विचारलं, "तुम्ही नेमकं काय शिकणार?" मी सांगितलं. त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली.

अप्पा खांद्यावरचा पंचा झटकून उठले. "मी शबूद दिला हुता. समाज हो म्हणाला, तर मी न्हाय म्हणणार न्हाय. समाज हो म्हणतोय." आणि आत निघून गेले.

बिचारे अप्पा! स्वतःच्याच शब्दात अडकले.

१ जुलै

एस.टी. स्टँडवर मदिना पोचवायला आली होती. गाडी लागल्यावर कानाशी येऊन म्हणाली, "आता सांगते. पंधरा तारखेला तुझे अप्पा दोनदा आमच्या गल्लीत आले होते. रविवारी सगळी मिळून या म्हणाले. आणि काय बोलायचं तेही धोंडुबाईकडून दोनदा घोकून घेतलं."

अप्पा खिडकीखाली उभे होते.

गाडी हलली तेव्हा म्हणाले, "डबा उन्हात ठिवू नको."