पुनमचंदभाऊ, कॅमेरा ठेवू का फोडू

६ जानेवारी, सोमवार

जुना कॅमेरा इकताना नव्यासारखा हाये म्हनले होते ना तुमी, पुनमचंदभाऊ? नव्यासारखा! आठ दिवसांत ब्याटरीचं झाकन निखळलं, ते मी रबरानं बांधलं. मंग पडदा काळा पडला. आज औंढ्याला तुमच्या दुकानात येऊन म्होरं आदळला तं तुमी म्हनता, केशरबाई, बिघाड कवा व्हतो ते तारीख टाकून वहीत लिहीत जा, मंग मला कळंल. घ्या, लिहिते. चौथीपर्यंत शाळा माझी. वाचता आलं न्हाई तं बोलू नका.

एक मातर खरं, हात लई सफाईचा तुमचा. काळा चष्मा घालून, कॅमेऱ्याकडं न बघता, नुसतं चाचपून बारीक बारीक इस्क्रू काढले आन बसवले. म्हनलं, मोतीबिंदू काढला काय? तुमी नुसते हासले.

तरी मन खूश हाये माझं. मालक मेंढरामागं रानात आन मी इथं शिरड शहापुरात रस्त्यावरच्या खोलीत फोटोचं दुकान टाकलं. दारावर पाटी, आत निळा पडदा. धाकटी जाऊ संगिता संगं हाये, कंप्युटर तीच चालवते. कॅमेरा आला त्या दिवशी पहिला फोटो तिनं माझाच काढला. म्हनली, आक्का, डोळे वटारू नका, गिऱ्हाईक पळंल. म्हनलं, पळालं तं तुलाच पाठवीन धरून आनायला. फोटो फर्मास आला.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळीच संतराम आला, गावातलाच शेतकरी. त्याची माय यशोदाबाई पहाटं गेली. घरात तिचा एक फोटो न्हाई, आधारवर निसता काळा डाग. मी कॅमेरा घेऊन गेले. म्हातारीला भिंतीला टेकून बसवलं होतं, नवं लुगडं, कपाळाला बुक्का. डाव्या पापनीवर हरभऱ्याएवढी चामखीळ. डोळे मिटलेले. संतराम म्हनला, भिंतीवर लावायचाय, डोळे उघडे करून द्या, माय बघून राहिली असं दिसू द्या.

ह्यात नवं काही न्हाई, फोटोवाले करतातच. जित्त्या मानसाच्या फोटोतले डोळे काढायचे आन मेलेल्याच्या फोटोत बसवायचे. घरच्यांचे घेतात, पर त्यांचे समद्यांचे रडून सुजलेले. संगिता म्हनली, आक्का, तुमचा पहिला फोटो हाये की. म्हनलं, लाव.

२१ जानेवारी, मंगळवार

तेरवी झाली. फोटोला हार घातला तसे समदे रडले. संतराम माझ्या पाया पडला. त्याची बायको अंजली मातर मला कोपऱ्यात वढून म्हनली, सासूबाई लई गरीब नजरंच्या होत्या, ह्या फोटोत तं भांडायला उठल्यावानी बघून राहिल्या. मला आतल्या आत हसू आलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

लिहा म्हनले ना, लिहिते. बचत गटाच्या अकरा बायका फारमाचे फोटो काढायला आल्या. अकराच्या अकरा डोळे मिटून. पुन्यांदा काढले. डोळे फाडून बसल्या बिचाऱ्या, फोटोत मिटलेलेच. जिवनबाई म्हनली, केशर, आमी फारम भरायला आलो का सरनावर जायला? खिदळत उठून गेल्या समद्या. आता गावभर सांगतील.

दुसऱ्यांदा तुमच्याकडं आनला. तुमी बोटं फिरवली, आतली एक तार बदलली, माझाच फोटो काढला आन म्हनले, बघा, बराबर हाये. बस निघाली होती म्हनून मी बघितला न्हाई. तिथंच चुकले.

३० जानेवारी, गुरुवार

बराबर कशाचं! त्यो फोटोबी डोळे मिटलेला. तिसऱ्यांदा आले, म्हनलं, दुरुस्ती नको, परत घ्या. तं तुमी कॅमेरा माझ्याच हातात दाबला. म्हनले, परत घेनार न्हाई, पर जित्ता हाये तवर दुरुस्त करून देईन, तेवढा बंद पडू देऊ नका. असा कोन दुकानदार असतो हो?

घरी संगितानं फोटो मोठे करून दाखवले. दाखवता दाखवता तिनं एकेकीच्या पापनीवर बोट ठेवलं. अकरा बायका आन मी. समद्यांच्या डाव्या पापनीवर चामखीळ.

मंग तिनं माझा पहिला फोटो उघडला. ज्यातले डोळे काढले त्यो. संगिता म्हनली, आक्का, मी ह्याला हात लावला न्हाई, शप्पत.

त्याच्यातबी मिटलेले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुईत दोरा जाईना. दारातलं मानूस वळखू येईना. डागदर म्हनला, डोळ्यात काहीच दोष न्हाई.

डोळे मिटले की मातर साफ दिसतं. वरून दिसतं. संतरामची बैठक. खाली धान्याची कनगी, म्होरं दार, डाव्या अंगाला लोंबलेला हार. अंजली झाडत होती. तिनं वर बघितलं आन पदर नीट घेतला.

मला बघून.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संगिताच्या हाताला धरून औंढ्याला आले. तुमचा चष्मा मीच वढला. बुबुळं हलतच नव्हती. तुमाला दिसतच न्हाई! आन माझा फोटो काढून म्हनले, बघा, बराबर हाये. कशाच्या जीवावर?

मंग बोलले तुमी. सिद्धेश्वर गावच्या एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या फोटोला तुमी ह्याच कॅमेऱ्यानं सोताचे डोळे लावले. त्या घरचे लोक फोटो भिंतीवरच ठेवून, कुलूप लावून गाव सोडून गेले. चार वरसं झाली, तुमी ती बंद खोली बघून राहिलात. कॅमेरा बंद पडला तं तेवढीबी दिसनार न्हाई, असं भ्याव तुमाला. म्हनून चालवायला मला दिला. म्हनून दुरुस्ती.

मंग इकताना काहून न्हाई सांगितलं? तं म्हनता, सांगितलं असतं तं घेतला असता का.

ह्या बोलन्यावर तुमच्या तोंडात मारायची होती. संगितानं हात धरला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संगिता संतरामकडं म्हातारीचा फोटो मागायला गेली. मीच म्हनले होते खरं सांग. खरं सांगितलं तं संतराम पेटला. माझ्या मायच्या तोंडावर दुसरीचे डोळे? फोटो कोनाच्या हातात देनार न्हाई, घरातबी ठेवनार न्हाई. मंगळवारी सिद्धेश्वरच्या धरनात सोडनार.

धरनात. पान्यात. माझे डोळे हायेत त्याच्यात.

८ फेब्रुवारी, शनिवार

संगिता म्हनती, ओळी एकमेकीवर चढून राहिल्या. चढू द्या. चाचपून लिहिते.

कॅमेरा म्होरं ठेवलाय. हातात वरवंटा. फोडला तं डोळे माघारी येतात — का हाये तेबी जातं? न फोडावा तं पान्याखाली — चिखल — किती वरसं? तुमाला निदान खोली तं हाये.

तुमचा जबाब काय येनार ते म्हाईत हाये मला. फोडू नका म्हनाल, तुमची खोली जाईल ना. तरी इचारते, संगिता फोनवर वाचून दाखवंल. देव म्होरं ठेवून एकदा खरं सांगा. ठेवू का फोडू. सोमवारपर्यंत जबाब पायजे. मंगळवारी उपेग न्हाई.

९ फेब्रुवारी, रविवार

भिंत हालली — न्हाई, मीच हालले. अंजलीचे हात. हार काढला.

मंगळवार म्हनला होता ना संतराम — मंगळवार —

अंधार. पिशवी असंल. हादरे बसून राहिले, गाडीवर हाये. संगिता तुमाला फोन लावती, तुमी उचलेनात. उचला ना.

उजेड. आभाळ. धरनाची भिंत. संतरामचं तोंड लई जवळ, रडून राहिला —

पुनमचंद, उचल. सोमवार दिला होता तुला, सोमवार न्हाई आता, आज सांग, पानी दिसून राहिलं, खालून वर येऊन राहिलं, वरवंटा उचललाय मी, सांग, ठेवू का