मोडलेला ताण

राजापेठ, अमरावती
९ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

रोज फोनवर बोलतो, तरी पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मी तीनदा सुरुवात केली आणि तीनदा आईच्या गुडघ्याची चौकशी करून ठेवून दिला.

कॉम्प्युटरच्या जोडीला ऑटोमेशन अँड कंट्रोलचं मायनर घेतलं, तेव्हा मायनर म्हणजे काय ते मला सांगता येईना. "म्हनजे कपाशीत तूर," तुम्हीच म्हणालात. त्या तुरीपायीच दिवाळीत मी आपल्या संत्र्याच्या बागेत मशीन बसवली. माती वाळली की जमिनीतल्या सळईला कळणार आणि ठिबकचा कॉक आपोआप उघडणार. तुम्ही मूठभर माती दाबून बघायचात, मग मला आकडा विचारायचात. दोन्ही जुळलं की हसायचात.

डिसेंबरात ताण द्यायला तुम्ही पाणी तोडलं. झाड तहानल्याशिवाय बहार फुटत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. "तुयी मशीन बंद केली ना वं?" तुम्ही विचारलंत. मी इथूनच मोबाईलवर बंद केली आणि हो म्हणाले.

पण फूल आलंच नाही, नुसती पालवी. झाडांच्या आळ्यांत ओल दिसली होती, म्हणून पाणी सोडल्याचा आळ तुम्ही गोवर्धनकाकांवर घेतला. आपलं ठिबक तेच बघतात ना! इतक्या वर्षांचे धुऱ्याला धुरा लागलेले शेतशेजारी, आता समोर आले तरी तुम्ही मान फिरवता, असं आई सांगते.

गेल्या आठवड्यात प्रोजेक्टसाठी मशीनच्या नोंदी काढल्या. मी बंद केलं होतं ते फक्त वेळापत्रक. सळई चालूच होती. ताणाच्या दिवसांत कॉक अकरा वेळा उघडला. कोरडी माती म्हणजे बिघाड, एवढंच मी मशीनला शिकवलं होतं. त्याच नोंदींच्या आलेखाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. ओल किती स्थिर ठेवलीस, सर म्हणाले. मी थँक्यू म्हणाले, बाबा. इथे जे बरोबर ते बागेत चूक कसं, मला समजून नाही राहिलं. मायनर सोडायचं असेल तर शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचाय. दोनदा लिहिला, दोनदा फाडला.

पण पत्र त्यासाठी नाही. घरात वाचता येणारी मी एकटी, आणि मी इथे. माझ्या कॉलेजचे कागद तुम्हाला गोवर्धनकाकाच वाचून दाखवतात. फोनवर सांगितलं असतं तर गोष्ट आपल्या घरातच राहिली असती. हे पाकीट घेऊन तुम्हाला त्यांच्या ओसरीवर जावंच लागणार. काका, इथवर मोठ्यानं वाचलंत ना? तुम्ही कॉक उघडला नव्हता, माझ्या मशीननं उघडला. आणि बाबा, मला नंतर रागवा. आधी समोर बसलेत त्यांच्याशी बोला.

तुमचीच,
वर्षाली